हुशार आहे ना, मग असं का करते?

"एवढी हुशार मुलगी, सगळं कळतं तिला, मग हे असं वागणं म्हणजे नाटकच ना?" हे वाक्य मी गेल्या चार वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्यानं "हुशार" म्हटलं की पुढचं मला आधीच ऐकू येतं. शेजारच्या काकूंनी म्हटलं, ताईच्या सासरच्यांनी म्हटलं, एका कॉलेजच्या ऑफिसात टेबलापलीकडून हिंदीत म्हटलं गेलं, "दिमाग तो तेज़ है इसका, फिर प्रॉब्लम क्या है?" आणि पहिल्या वर्षी मी स्वतःही म्हटलंय, तिच्या तोंडावर म्हटलंय, आणि ते मला आजही लागतं.

माझी भाची २६ वर्षांची आहे, इंदूरला आमच्याकडेच राहते, एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करते. तिला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, म्हणजे बीपीडी, भावना आणि नाती पटकन टोकाला जातात असा मानसिक आजार. तिच्या परवानगीनं लिहितेय, नाव लिहिणार नाही. मी डॉक्टर नाही, २४ वर्षं बँकेत नोकरी केली, पण घरात आजार आला की माणूस वाचायला लागतो तसं मी वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि मला जे कळलं त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. या आजारात बुद्धी कमी नसते. असलेली बुद्धी ठरावीक वेळी हाताशी राहत नाही. आणि आपल्या परीक्षा, आपली सर्टिफिकेटं, आपली घरं, सगळी जण माणसाची बुद्धी एकदा मोजतात आणि कायमचा शिक्का मारतात, तिथे या माणसांवर अन्याय होतो.

एक दिवस सांगते. ऑक्टोबरातला. सकाळी पोहे खाता खाता तिनं डेटा इंटरप्रिटेशनचा, म्हणजे तक्ते-आलेखांवरच्या गणितांचा, एक आख्खा सेट पंचवीस मिनिटांत सोडवला, मला चहाबरोबर समजावूनही सांगितला, टक्केवारी तोंडी. संध्याकाळी तिच्या जवळच्या मैत्रिणीनं मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही. एवढंच. तासाभरानं ती माझ्यासाठी मेडिकलवर गेली होती, ३४० रुपये झाले, तिनं ५०० ची नोट दिली आणि परत किती यायला हवेत ते तिला कळेना. दुकानदार विचारतोय "बीस छुट्टे हैं क्या?" आणि ही नुसती उभी. मी मागून पोचले तेव्हा तिला दुकानाची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती असं ती नंतर म्हणाली, अक्षरं दिसत होती पण त्यांचा शब्द होत नव्हता. आणि मी काय केलं, तर रस्त्यातच तिला समजवायला लागले, अगं विचार कर जरा, ती कामात असेल, तूच हिशोब कर ना, या महिन्यात तिनं स्वतःहून तुला किती वेळा फोन केलाय, मोज. म्हणजे ज्या क्षणी तिला १६० मोजता येत नव्हते त्या क्षणी मी तिला मैत्रीचा हिशोब मांडायला सांगत होते. ती रात्र फार वाईट गेली.

त्यात या आजाराचं नावच असं की गैरसमज व्हायलाच हवा. आपल्याकडे बॉर्डरलाइन म्हणजे काय, तर ३३ मार्क. जेमतेम पास. "बॉर्डरलाइन केस आहे" म्हणजे थोडक्यात वाचलेला. हे नाव १९३८ मध्ये ॲडॉल्फ स्टर्न नावाच्या अमेरिकन मनोविश्लेषकानं वापरलं, तेव्हाच्या समजुतीप्रमाणे हे पेशंट न्यूरोसिस (चिंता, घबराट असे त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) या दोन खात्यांच्या सीमेवर पडतात म्हणून. १९८० मध्ये अमेरिकेच्या डीएसएम-३ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात, ते अधिकृत निदान झालं आणि नाव तेच चिकटलं. शिवाय बॉर्डरलाइन इंटेलिजन्स म्हणून एक वेगळीच गोष्ट असते, बुद्ध्यंक सरासरीपेक्षा खाली, साधारण ७० ते ८५, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलंय, फाईलवर "बॉर्डरलाइन" वाचून समोरच्या माणसानं माझ्या भाचीशी सावकाश, मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला सुरुवात केली. ती बी.एस्सी. फर्स्ट क्लास आहे.

तर एकीकडे "हुशार आहे म्हणजे आजार नाही" आणि दुसरीकडे "आजार आहे म्हणजे हुशार नाही". दोन्ही बाजूंनी तिलाच मार.

मग खरं काय आहे? बीपीडी असलेल्यांची बुद्धी साधारणपणे बाकीच्यांसारखीच असते, कोणी कमी कोणी जास्त. पण लक्ष टिकवणं, एका विचारावरून दुसऱ्यावर वळणं, नवीन गोष्ट शिकून लक्षात ठेवणं, कामाचा वेग, आणि सगळ्यात जास्त म्हणजे प्लॅनिंग, पुढची पावलं आधी मनात लावणं, यांच्या चाचण्यांत हे लोक गट म्हणून थोडे मागे पडताना दिसतात. २००५ मध्ये अँथनी रुओको यांनी १० अभ्यास एकत्र तपासले तेव्हा हेच दिसलं होतं आणि त्यात प्लॅनिंगचा फरक ठळक होता. पण गट म्हणून, हे महत्त्वाचं. एकेक माणूस बघितला तर काहींचे निकाल अगदी छान असतात. आणि या लोकांपैकी बऱ्याच जणांना सोबत डिप्रेशन असतं, लहानपणीचे आघात असतात, झोपेचा सत्यानाश झालेला असतो, काहींना एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार असतो, गोळ्या चालू असतात, त्यामुळे कुठला फरक बीपीडीचा आणि कुठला बाकीच्याचा हे वेगळं काढणं अवघड जातं. म्हणून कोणी "बीपीडीमुळे मेंदू कमजोर होतो" असं छातीठोक सांगत असेल तर ते मला पटत नाही.

मला जास्त पटतं ते दुसरं. ताण वाढला की कुठल्याही माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, ज्याच्या भरवशावर आपण आकडे डोक्यात धरतो, थांबतो, पर्याय तोलतो, त्याचं काम मंदावतं, आणि अमिग्डालासारखे जुने, पटकन धोका ओळखणारे भाग सूत्रं हातात घेतात. समोरून ट्रक आला तर विचार करत बसू नये म्हणून निसर्गानं केलेली ही सोय आहे. ब्रेन स्कॅनच्या बऱ्याच अभ्यासांत बीपीडी असलेल्यांचा अमिग्डाला भावनिक चित्रांना जास्त जोरात प्रतिसाद देताना दिसलाय. आणि त्यांचा ट्रक बहुतेक वेळा एखादं माणूस असतं. न आलेला रिप्लाय, बदललेला सूर, कोरा चेहरा. कोऱ्या चेहऱ्यात त्यांना राग किंवा नापसंती दिसण्याची शक्यता जास्त असते हेही वारंवार सापडलंय. त्यावर डिसोसिएशन म्हणजे सगळं सुन्न, लांब, काचेपलीकडे वाटणं, हे तर डीएसएमच्या नऊ लक्षणांपैकी नवव्यातच लिहिलेलं आहे, ताणाखाली थोड्या वेळासाठी येणारं. त्या अवस्थेत स्मरणशक्ती आणि लक्ष दोन्ही घसरतात. "अक्षरं दिसत होती पण शब्द होत नव्हता" याचा अर्थ मला हे वाचल्यावर लागला, आणि मेडिकलसमोरचा तो प्रसंग आठवून खूप वाईट वाटलं.

दोन प्रयोग सांगते कारण ते वाचून मला आमचं घरच दिसलं. एक सायबरबॉल. स्क्रीनवर बॉल एकमेकांकडे टाकायचा साधा खेळ. बीपीडी असलेल्यांना सगळ्यांइतकाच बॉल मिळाला तरी आपल्याला वगळलं असं वाटतं. गणपतीत घरात तीस माणसं, हिला आरतीचं ताट दिलं, मोदकांचं काम दिलं, सगळ्यांशी बोलली, आणि रात्री म्हणते मला कोणी विचारलंच नाही. आधी मी चिडायचे, कारण मला ते उघड उघड खोटं वाटायचं. तिला मात्र ते तसंच जाणवलेलं होतं.

दुसरा पैशांचा आहे, म्हणून बँकेतल्या माणसाला लगेच कळतो. २००८ मध्ये 'सायन्स' मध्ये छापून आलेला, किंग-कसास आणि सहकाऱ्यांचा. एकानं पैसे गुंतवायचे, ते तिप्पट होऊन दुसऱ्याकडे जातात, दुसऱ्यानं त्यातले किती परत करायचे ते ठरवायचं, असे १० राउंड. परत करणाऱ्यांत ५५ जण बीपीडी असलेले आणि ३८ नसलेले होते. खेळात मधेच समोरचा बिचकतो, कमी पैसे टाकतो. नसलेले लोक अशा वेळी जरा जास्त परत करून समोरच्याचा विश्वास पुन्हा मिळवतात, गाडी रुळावर येते. बीपीडी असलेल्यांत हे फार कमी झालं, तुटत आलेलं सहकार्य तुटतच गेलं. आणि स्कॅनमध्ये दिसलं की कमी पैसे आल्यावर बाकीच्यांच्या मेंदूतला इन्सुला नावाचा भाग जशी दखल घेतो, काहीतरी बिनसलंय अशी, तशी यांच्यात दिसत नव्हती. गणित येत नाही असं नाही हो. नात्यातला बिघाड वेळेवर ओळखून तो दुरुस्त करायचा जो अंदाज लागतो, तो अंदाज चुकतो. आपण याला "स्वभाव" म्हणतो आणि विषय बंद करतो.

आता माझा मुद्दा. बँकेत कोणी लोनसाठी आला तर आम्ही त्याचा आजचा बॅलन्स कधीच बघत नव्हतो, आज खात्यात दोन लाख असतील, काल कोणाकडून उसने आणून भरले असतील, किंवा आज शून्य असेल आणि परवा पगार येणार असेल. आम्ही सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागायचो. पैशाच्या बाबतीत ही अक्कल आपल्याला आहे. माणसाच्या डोक्याच्या बाबतीत मात्र आपण एका सकाळचा बॅलन्स बघतो. शांत खोलीत, अनोळखी माणसासमोर, जिथे तिचं कोणाशी नातं नाही, तिथे ती सगळ्या प्रश्नांची उत्तरं खणखणीत देते, कारण त्या खोलीत तिला पाडणारं काही नसतंच. आम्ही अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी गेलो तेव्हा असंच झालं. वीसेक मिनिटं. तिनं तारीख सांगितली, वार सांगितला, १०० मधून ७ वजा करत गेली, न चुकता. तपासणारे म्हणाले, "ये तो बिलकुल ठीक है।" त्याच आठवड्यात तीन दिवस ती अंघोळीला उठली नव्हती आणि एक फॉर्म भरायची शेवटची तारीख तिच्या डोळ्यांसमोरून गेली होती.

कायदा इतका तोकडा नाहीये, हे मला नंतर कळलं. २०१६ च्या दिव्यांग अधिकार कायद्यात मानसिक आजारांची यादी नाही, व्याख्या आहे, विचार, मूड, आकलन किंवा स्मृतीत असा मोठा बिघाड की ज्यानं निर्णय, वागणूक, रोजच्या आयुष्याच्या साध्या गरजा भागवणं कोलमडतं. मोजायला आयडियाज नावाचं भारतीय मापक आहे, त्यात स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम, असे चार भाग बघायचे असतात आणि ४० टक्क्यांना फायदे सुरू होतात. म्हणजे कागदावर नाती आणि काम दोन्ही आहेत! मग शंभरातून सात वजा करता आलं की फाईल बंद का होते? घरच्यांना विचारा, कॉलेजची हजेरी बघा, सहा महिन्यांची गोष्ट ऐका. त्याला मशीन लागत नाही, वेळ लागतो.

उलट बाजूचंही तितकंच सांगायला हवं, कारण इथे कुटुंबं चुकतात, आमचंही चुकलं. निदान कळल्यावर ताई आणि भावजींनी ठरवून टाकलं की आता हिचे सगळे निर्णय आपण घ्यायचे, एटीएम कार्ड काढून घेतलं, कोणाशी बोलायचं ते ठरवलं, आणि स्थळ आलं तर काय लपवायचं तेही. ती म्हणाली मला ही डॉक्टर नको, दुसरी हवी, तर "तुला काय कळतंय आत्ता" म्हणून उडवलं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा याच्या अगदी उलट सांगतो. निव्वळ निदान झालं म्हणून कोणी अस्थिर बुद्धीचा ठरत नाही, आणि निर्णय दुसऱ्याला चुकीचा वाटला म्हणून त्या माणसाला निर्णयक्षमता नाही असंही म्हणता येत नाही. आणि तिचं म्हणणं बरोबर निघालं. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं तर झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या हळूहळू कमी केल्या. बीपीडीसाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेच्या यादीत नाही, औषधं सोबतच्या त्रासांसाठी देतात, ती लागतातही, स्वतःच्या मनानं बंद करू नयेत. पण अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी स्मरणशक्ती मंदावते, आणि काही बीपीडी पेशंट्सचा स्वतःवरचा ताबा उलट जास्त सुटतो हे १९८५ पासून नोंदलेलं आहे. सहा महिने आम्ही ज्याला "आजारानं डोकं बधिर झालंय" म्हणत होतो त्यातलं बरंचसं गोळ्यांचं होतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे, मला तो टाळायचा नाही. मग जबाबदारी कोणाची? तिनं रागात फोन फोडला, माझ्या मुलाला नको ते बोलली, तो आठ दिवस गप्प होता. "तेव्हा डोकं हाताशी नव्हतं" म्हणून त्याला झालेला त्रास कमी होतो का? नाही होत. तिनं त्याची माफी मागितली, फोनचे पैसे ट्यूशन घेऊन फेडतेय, आणि हे डॉक्टरांनीच सुचवलं होतं. जबाबदारी घ्यायला लावायची पण ती वादळ ओसरल्यावर, वादळात उभं राहून नाही. आणि सवलती दिल्या की सगळेच मागतील म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आम्ही कॉलेजकडे मागितलं होतं ते फार साधं होतं, परीक्षेच्या दिवशी वेगळ्या शांत खोलीत बसू द्या, दहा मिनिटं बाहेर जाऊन यायची मुभा द्या, आणि असाइनमेंटची तारीख आठवडाभर पुढे द्या. मार्क वाढवून कोणी मागितले नव्हते. अर्जाला उत्तर आलं नाही.

इंदूरमध्ये हा प्रश्न एका घराचा नाही हो. भंवरकुआंला, कोचिंग क्लासेसच्या भागात, जा संध्याकाळी, हजारो मुलं मालवा-निमाडातून, बुंदेलखंडातून आलेली, एका खोलीत तिघं, आईबापांनी जमीन गहाण टाकलेली, आणि हे वय असं की बीपीडी साधारण याच सुमारास, वयात येताना आणि विशीत, वर येतो. लोकसंख्येत एक ते दोन टक्के लोकांना तो असतो असं धरतात. शंभर मुलांच्या बॅचमध्ये एक तरी. दवाखान्यात मुली जास्त दिसतात, पण अमेरिकेत घरोघरच्या मोठ्या पाहणीत स्त्री-पुरुष जवळपास सारखे निघाले होते, म्हणजे आपले मुलगे "तापट आहे" या लेबलाखाली राहून जातायत. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित काउन्सेलर हवा, आणि ते कोचिंगलाही लागू आहेत. माझी मागणी आहे की नुसतं नाव दारावर लागू नये, त्या माणसाला हे माहीत हवं की मॉक टेस्टमध्ये पहिला आलेला मुलगासुद्धा त्याच रात्री काहीही विचार न करू शकण्याच्या अवस्थेत असू शकतो. रँक बघून "ये तो ठीक है" म्हणणं जिवावर बेतू शकतं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर प्रत्येक होस्टेलच्या जिन्यात लिहिलेला असावा, त्याला काही खर्च नाही.

आणि उपचार. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) तयार केली, १९९१ मध्ये तिचा पहिला मोठा अभ्यास आला, २०११ मध्ये त्यांनी स्वतः सांगितलं की तरुणपणी त्यासुद्धा अशाच पेशंट म्हणून हॉस्पिटलात होत्या. त्या थेरपीत शिकवतात ते मला फार व्यवहारी वाटतं, भावना टिपेला असताना आधी शरीर शांत करा, श्वास, गार पाणी, आणि विचार त्यानंतर. ग्रुपमध्ये, वहीपेन घेऊन, शाळेसारखं. ती आपल्याकडे मिळते कुठे, तर मोठ्या शहरांत प्रायव्हेटमध्ये किंवा ऑनलाइन, एका तासाला हजार-दीड हजार. ताईंना परवडतं, भंवरकुआंच्या खोलीतल्या मुलाला नाही. सरकारी मेडिकल कॉलेजात आठवड्याला एक स्किल्सचा ग्रुप, हिंदीत, हे अशक्य नाही.

बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलनं १९९२ पासून २९० बीपीडी पेशंट्सचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणं ओसरली आणि किमान दोन वर्षं ओसरलेलीच राहिली. डॉक्टरांनी हा आकडा सांगितला तेव्हा ताई रडली, कारण तोवर सगळ्यांनी "हे जन्माचं" असंच सांगितलं होतं. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला झोपू देत नाही. लक्षणंही गेली, आणि नोकरी-शिक्षण आणि नातीही नीट लागली, असे फक्त ५० टक्के. या मधल्या लोकांचं वादळ थांबलं, पण तोवर डिग्री अर्धवट सुटली होती, नोकरी गेली होती, मित्र गेले होते. हे नुकसान एकट्या आजारानं केलेलं नाही. त्यात कॉलेजचं न आलेलं उत्तर आहे, वीस मिनिटांची तपासणी आहे, घरचं "नाटक" आहे.

आमच्या फ्रिजवर आता एक कागद आहे. २०१७ च्या कायद्यात अशी सोय आहे की माणूस बरा असताना आधीच लिहून ठेवू शकतो, पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे नकोत, त्यावरून तिला ही कल्पना सुचली. एका रविवारी दुपारी, चांगल्या मूडमध्ये, तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिला. पहिल्या ओळीत डॉक्टरांचा नंबर. दुसरीत, फोन माझ्याकडून मागून घ्या, हिसकावू नका. तिसरी माझ्यासाठी आहे: "मावशी, त्या वेळी मला हिशोब विचारू नकोस. आधी पाणी दे."